पटण्याजोग्या आकड्याचा धोका

प्रयोगशाळेतील उपकरण संगणकाकडे तापमान किंवा दाब पाठवत नाही, तर बाइटांची मालिका पाठवते. बाइट म्हणजे आठ बिटांची, 0 ते 255 यांपैकी एक किंमत धारण करणारी राशी, आणि तिच्यावरून मापन कसे काढायचे हे वाचणाऱ्या आज्ञावलीला बाहेरून सांगावे लागते. कोल्हापुरात विद्यापीठीय संशोधनापासून शिरोलीच्या फाउंड्रीतील भट्ट्यांपर्यंत जेथे तापमानाच्या नोंदी संगणकावर घेतल्या जातात, तेथे हा टप्पा क्षुल्लक समजणे महागात पडते.

समजा, तापमापक अंशाच्या दहाव्या भागात मोजलेली पूर्णांक संख्या दोन बाइटांत पाठवतो आणि 1 व 2 असे बाइट आले. मोठ्या स्थानाचा बाइट आधी मानला, तर 1 गुणिले 256 अधिक 2 म्हणजे 258, अर्थात 25.8 अंश सेल्सिअस. क्रम उलटा मानला, तर 513, म्हणजे 51.3 अंश. दोन्ही आकडे पटण्याजोगे असल्यामुळे चूक नजरेत भरत नाही, आणि अनुभवी माणसाला हास्यास्पद आकड्यापेक्षा अशाच आकड्याची धास्ती अधिक वाटते. औद्योगिक उपकरणांत रूढ असलेल्या मॉडबस पद्धतीत मोठा बाइट आधी येतो, तर इंटेलच्या घडणीचे संगणक स्मृतीत लहान बाइट आधी ठेवतात. म्हणून क्रम गृहीत न धरता उपकरणाच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा.

पडताळणीसाठी ज्ञात तापमाने वापरावीत, मात्र ती विचारपूर्वक निवडावीत. वितळत्या बर्फाच्या शून्य अंशाला दोन्ही बाइट शून्य असतात, त्यामुळे क्रम चुकला तरी उत्तर बरोबरच येते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील कोल्हापुरात पाणी साधारण 98 अंशांना उकळते, 98.1 अंशांचे बाइट 3 आणि 213 असतात आणि ते उलटे वाचल्यास 5453.1 अंश येऊन चूक तत्काळ उघडी पडते. ऋण चिन्हाची परीक्षा मीठ घातलेल्या बर्फाने घ्यावी, कारण उणे 5.0 अंशांचे 255 आणि 206 हे बाइट चिन्हरहित मानल्यास 6548.6 अंश दाखवतात.

संख्येचा प्रकार बदलतानाही मर्यादा तपासणे आवश्यक असते. 4 जून 1996 रोजी युरोपच्या एरियन 5 अग्निबाणाचे पहिले उड्डाण सुमारे 40 सेकंदांतच संपले, कारण 64 बिटांची दशांश संख्या 16 बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात, ज्याची कमाल किंमत 32767 असते, मावली नाही आणि त्या बिघाडाने दिशादर्शक यंत्रणा बंद पडली.

म्हणून रूपांतरित आकड्यांसोबत मूळ बाइट, वेळ आणि वापरलेला नियम यांचीही नोंद जपावी. नियम चुकीचा ठरला, तर मूळ बाइटांवरून सर्व मापने पुन्हा काढता येतात, परंतु केवळ त्यांची सरासरी उरली असेल, तर प्रयोगच नव्याने करावा लागतो.