आपले कोण?

सूत्रपाठात 'आचार' आणि 'विचार' अशी दोन प्रकरणे आहेत. ग्रंथात ती वेगळी असली, तरी साधकाच्या ठायी वेगळी राहून चालत नाहीत. विचार पटला आणि आचार बदलला नाही, तर ते केवळ पाठांतर होय. आचार सुधारला पण त्याचा लाभ स्वतःपुरताच राहिला, तर उन्नती अर्ध्यावर थांबली असे समजावे.

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. लोककथेप्रमाणे हिरकणी नावाची गवळण गडावर दूध घालावयास गेली असता सायंकाळी दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल होते. पहारेकऱ्यांनी दार उघडले नाही. तेव्हा ती अंधारात तुटलेल्या कड्यावरून खाली उतरली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या ठिकाणी बुरूज बांधविला. ही आख्यायिका आहे, लेखी इतिहास नव्हे. पण हिरकणी बुरूज गडावर उभा आहे. तिचे भय नाहीसे झाले असे नव्हे, भयापेक्षा मूल मोठे झाले. मात्र परक्याच्या लेकरासाठी ती उतरली असती काय, हे कथा सांगत नाही. तोच प्रश्न साधकाने स्वतःस विचारावा.

त्याचे उत्तर याच परिसरात, महाड येथे मिळाले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव रावबहादूर बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत करून घेतला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. विचार कागदावर आला, आचार आला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. अनुयायांत सैन्यातून निवृत्त झालेले पुष्कळ होते, तरी बाबासाहेबांनी त्यांस प्रतिहल्ल्यापासून आवरले. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा उपदेश केला. डिसेंबरच्या परिषदेत स्त्रियांस स्वच्छ राहणी व मुलींचे शिक्षण यांविषयी सांगितले. स्वतःची सुधारणा आणि सर्वांचा हक्क ही दोन कामे त्यांनी एकमेकांसाठी खोळंबून ठेवली नाहीत. 'आधी स्वतः सुधारू, मग जगाचे पाहू' असे म्हणणारा बहुधा दोन्हीस मुकतो.

तात्पर्य, उन्नती म्हणजे 'आपले' या शब्दाचा विस्तार होय. हिरकणीचे 'आपले' एक लेकरू होते. तळ्याकाठी ते हजारोंचे झाले. १९९६ पासून हिरकणीवाडीहून रज्जुमार्गाने गडावर काही मिनिटांत पोहोचता येते. मनातील कडा मात्र ज्याचा त्यानेच उतरावयाचा असतो.

मननार्थ : आपल्या गावी आज कोणते दार कोणासाठी बंद आहे, आणि ते उघडावयास आपले कोणते भय आड येते?