चौकाबाहेरची माणसं

वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीवरून परतताना एका कंपाउंडच्या भिंतीवर वारली नाच रंगवलेला दिसला. मावशीची मास्तरकी सगळी डहाणूकडे झालेली, म्हणून तिलाच विचारलं.

"तिकडे घरोघरी असंच असतं ना गं?"

"छे! हा ऑइलपेंट आहे. तिथे कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमाती, वरून गेरू. रंग एकच, पांढरा, तांदूळ वाटून केलेला. बांबूची काडी टोकाला ठेचली की झाला कुंचला. आणि उठसूट नाही रंगवत. घरात लग्न निघालं की."

"म्हणून हा नाच?"

"हा तारप्याचा नाच, तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य. लग्नाचं चित्र म्हणजे चौक. सवाष्णी भिंतीवर मोठा चौकोन आखतात, कडेने नक्षीच्या पट्ट्या भरतात आणि मधोमध पालघट देवी. धनधान्य, लेकरं, सगळं तिच्याकडून. शेजारच्या छोट्या चौकात पंचशिऱ्या देव. 'चौक काढला' नाही म्हणायचं हं, 'लिहिला' म्हणायचं. चौक नाही तर लग्न नाही. ते लावणारीसुद्धा बाईच, धवलेरी. गाणी म्हणत विधी करते."

"भटजी नाहीच?"

"भटजीचं काय काम?"

"पण मी नाव ऐकलंय ते जिव्या सोमा म्हशे यांचं. ते तर पुरुष."

"तीच तर गंमत. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार कागद घेऊन त्या पाड्यांवर गेले. बायका बुजल्या. गंजाडचे म्हशे मात्र कागदावर रमले आणि चौकाबाहेरचं जग काढत सुटले: मासे धरायचं जाळं, शेतं, मुंग्या. काय ते जाळं! बघत राहावं. २०११ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच. पण कागदाखाली सही आली, भिंतीखाली कधी नव्हती. किती धवलेऱ्या नि सवाष्णी लिहून गेल्या, एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही."

"मग इथे देवी का नाही काढली?"

"इथे कुणाचं लग्न आहे? नाच कुठेही चालतो, चहाच्या कपावरही. पालघट बोलावल्याशिवाय येत नाही."

मी भिंतीजवळ गेले. हातात हात गुंफलेली माणसं गोल फिरत होती.

"मावशी, तारपेवाला कुठाय? त्याच्याभोवतीच फिरतात ना?"

"हो, त्याला पाठ दाखवायची नसते." तिने चष्मा वर केला. "असणार गं. ती पन्हाळीची पाइप बसवलीय ना, तिच्यामागे बघ."

खरंच, पाइपच्या एका बाजूला तारप्याचं टोक दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला एक पाय.