तुटीचे मूळ

पुणे,
घटस्थापना, 15 ऑक्टोबर 2023

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझे सहा पानी पत्र पोचले. तुमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाविरुद्ध त्यात तू जी फिर्याद मांडली आहेस, आणि जी प्रशिक्षकांच्या हाती नेऊन देण्याचा तुझा मनसुबा आहे, ती मी दोनदा वाचली. प्रथम आजोबा म्हणून वाचली आणि सात वर्षे अमेरिकेत काढूनही तुझे शुद्धलेखन शाबूत आहे, याचे समाधान वाटले. नंतर हिशेबतपासनीस म्हणून वाचली, तेव्हा मात्र पेन्सिल हाती घ्यावी लागली. गोलरक्षक कुचकामी, मधला फॉरवर्ड आळशी, प्रशिक्षक मूर्ख, असे तुझे तीन आरोप आहेत. भर पावसात ढोल बडवून ज्याने आपला घसा बसवून घेतला, त्याला आरोप करण्याचा अधिकार पोचतो, हे मी मान्य करतो. पुरावा मात्र मला कुठे सापडला नाही.

आमच्या कचेरीत नव्या उमेदवाराला पहिल्याच आठवड्यात सांगत असत की रोकडवहीच्या ज्या पानावर तूट उघडकीस येते, त्या पानावर ती सहसा झालेली नसते. तेव्हा त्या पानावर सही करणाऱ्या गरीब कारकुनाची मानगूट धरण्याआधी मागची पाने उलटीत जावे. सप्टेंबरात तुमच्याकडे असताना मी दोन सामने मैदानावर पाहिले आणि तीन तुझ्या बापाने संगणकावर लावून दिले. ज्या गोलावरून तू गोलरक्षकाला सुळावर चढवायला निघाला आहेस, तो मी पुनःपुन्हा मागे नेऊन पाहिला. चेंडू त्याच्या हातून निसटला, हे खरे. पण त्याच्या सतरा सेकंद आधी थ्रो-इन तुमचाच होता! डाव्या कडेला तुमचा हाफबॅक (तुम्ही लोक त्याला आता निराळ्या नावाने ओळखता, मी जुन्याच नावाने ओळखतो) चेंडू घेऊन उभा, पुढचे तिघेही गोलाकडे तोंड करून एका रांगेत खोळंबलेले, कोणी दोन पावले मागे येऊन चेंडू मागेना. अखेर त्याने नाइलाजाने तो लांब भिरकावला, तो प्रतिपक्षाच्या डोक्यावर पडला, आणि तुमचे दोन्ही फुलबॅक त्याच वेळी पुढे गेलेले असल्यामुळे उरलेल्या दोघा बचावपटूंना अर्धे मैदान राखावे लागले. ज्याच्यापुढे कोणी नाही, अशा माणसाने मारलेला चेंडू एकोणीस वर्षांच्या त्या पोराच्या हातून निसटला, तर त्याच्या नावे त्या सतरा सेकंदांचा सगळा खर्च का टाकायचा?

असाच हिशेब मी बाकीच्या गोलांचा केला, आणि प्रत्येक वेळी बोट एकाच जागी येऊन थांबले. तुमची आघाडीफळी आणि बचावफळी यांच्या मध्ये पंचवीस-तीस पावलांचे ओसाड पडीक रान आहे. पुढचे चेंडूमागे धावतात, मागचे भयाने आपल्या गोलाकडे सरकतात, आणि मधल्या दोघा-तिघांची अवस्था भरतीच्या पाण्यात सापडलेल्या होडीसारखी होते. प्रतिपक्षाचा सेंटर-फॉरवर्ड त्या रानात मागे येऊन उभा राहिला की तुमच्या स्टॉपरला कळत नाही, त्याच्यामागे जावे की आपली जागा धरावी. 25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्ब्लीवर हंगेरीच्या हिदेगकुटीने इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनपुढे नेमका हाच पेच टाकला होता. त्या दिवशी हिदेगकुटीने तीन गोल केले आणि इंग्लंड आपल्या घरी सहा-तीन असे हरले. तेव्हा तुमचा स्टॉपर गोंधळला, याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

हे रान पडले कसे, याचा थोडा दोष तुमच्या महाविद्यालयीन नियमांकडेही जातो. इतरत्र बदली खेळाडूंची संख्या मोजकी असते आणि बाहेर गेलेला परत येत नाही; तुमच्याकडे वाटेल तितके बदलावे, आणि उत्तरार्धात बाहेर गेलेल्याला पुन्हा एकदा आत घ्यावे, अशी मुभा आहे. त्यामुळे प्रशिक्षक पंचविसाव्या मिनिटाला आघाडीची अख्खी रांग बदलतात. ताज्या पायांची नवी मुले उधळलेल्या वासरांसारखी चेंडूवर तुटून पडतात, बचावफळी मात्र तीच, दमलेली. आणि कोण कधी पुढे धावणार, याची मधल्या फळीला जी ओळख होऊ लागलेली असते, ती पुसून नवीन सुरू करावी लागते. त्यातच ते उलटे चालणारे घड्याळ! आमच्याकडे वेळ पंचाच्या मनगटावर असतो, कोणाला दिसत नाही. तुमच्याकडे फलकावर मिनिटे शून्याकडे उतरताना साऱ्या गावाला दिसतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तुमच्या मुलांचे डोळे चेंडूपेक्षा फलकावरच अधिक.

आता तुझ्या त्या ‘आळशी’ फॉरवर्डविषयी. तो धावत नाही, हे खरे. पण गोलाकडे पाठ करून, अंगावर माणूस घेऊन, चेंडू पायाखाली दाबून धरणारा तुमच्या संघात तो एकटाच आहे. अशा खेळाडूचे काय करावे, याचा एक दाखला देतो. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईच्या कूपरेज मैदानावरून फुटबॉलचा रोव्हर्स चषक नेला. त्यांतल्या शेवटच्या दोन वर्षी थोरल्या बंधूंचा हात धरून मी तिथे होतो. त्या संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब पेशाने शिक्षक, आणि त्यांची नजरही शिक्षकाचीच. 1962 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांचा भारतीय संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून दोन-शून्य हरला. पुढे बचावफळीतल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. दुसऱ्या कोणी त्याला बाकावर बसवला असता, रहीमसाहेबांनी त्याला पुढे सेंटर-फॉरवर्ड म्हणून उभा केला. त्याने उपांत्य सामन्यात गोल केला, अंतिम सामन्यातही केला, आणि 4 सप्टेंबर रोजी त्याच कोरियाला दोन-एक असे हरवून भारताने सुवर्णपदक घेतले. तुमच्या त्या फॉरवर्डला दहा-पंधरा पावले मागे, त्या ओसाड रानात आणून उभा करा, आणि कडेच्या दोघांना त्याच्या पुढे धावू द्या. थ्रो-इन घेणाऱ्याला निदान एक ओळखीचा चेहरा दिसेल.

प्रशिक्षकांविषयीच्या तुझ्या आरोपाचा एक चतुर्थांश मी मंजूर करतो. दोन्ही फुलबॅक एकाच वेळी पुढे पाठविणे ही चूक आहे, तिचे समर्थन मला सापडले नाही. मूर्ख हा शब्द मात्र खोडून टाक. आठवड्यात दोन-दोन सामने, मध्ये परीक्षा आणि प्रवास, सरावाला जेमतेम दोन-तीन संध्याकाळी, एवढ्या शिधासामग्रीवर मोहीम चालविणाऱ्या माणसाला तू हा शब्द वापरावास, हे मला रुचले नाही.

फिर्याद तूर्त तहकूब ठेव. पुढच्या सामन्याला ढोल मित्राच्या स्वाधीन कर आणि मध्यरेषेवर न बसता गोलामागच्या उंच पायरीवर जाऊन बस. तिथून उंचावरून साऱ्या फळ्या एका नजरेत येतात. पहिली दहा मिनिटे चेंडूकडे बघूच नकोस, तुमच्या चार बचावपटूंकडे बघ. मग कागदावर मैदानाची चौकट आखून, चेंडू जिथे जिथे गमावला जाईल तिथे तिथे फुली मार, आणि फुलीशेजारी त्या वेळी पास देण्याजोगे किती जण मोकळे होते तो आकडा लिही. प्रशिक्षकांकडे जायचेच झाले, तर तो कागद घेऊन जा. आणि जाण्याआधी त्याची एक नक्कल मला पाठव.

तुझ्या आजीने घट बसविले आहेत आणि तुझी आठवण काढली. बापाला सांग, माझ्या चष्म्याचे घर तुमच्याकडेच राहिले आहे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझे
आजोबा