हवेच्या दाबावर चालणारी नेलगन : जोडणी आणि खबरदारी



मे महिना लागला की छपरांच्या कामाची घाई उडते. पूर्वेकडच्या आपल्या उसाच्या पट्ट्यात ही कामे थोडी मागेपुढे झाली तरी चालते. पण नाणेघाटाच्या माथ्यावरच्या घाटघरसारख्या गावी तसे चालत नाही. तिथे पाऊस एकदा धरला की उसंत देत नाही. वासे बदलणे, रिपा ठोकणे, गोठ्याला फळ्या मारणे हे सारे मृगाच्या आत उरकावे लागते. म्हणून आता सुतार-मिस्त्री कॉम्प्रेसर आणि नेलगन आणू लागले आहेत, आणि सभासदांची तरुण मुलेही हे यंत्र हाताळतात. काम झपाट्याने होते यात शंका नाही. पण हातोडी चुकली तर बोट ठेचते, आणि नेलगन चुकली तर खिळा बोटातून आरपार जातो. म्हणून या अंकात या यंत्राची जोडणी क्रमाने समजून घेऊ.

दाब म्हणजे किती?

मोटारीच्या चाकात साधारण ३० ते ३५ पौंड हवा असते. नेलगनला बहुधा ७० ते १२० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ ते ८ किलो दाब लागतो. ६ किलो दाब धरला तर तळहाताएवढ्या, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर जागेवर ६०० किलोचा रेटा पडतो. टाकीचा पत्रा हा रेटा सगळ्या बाजूंनी सोसत असतो. कारखान्याच्या बॉयलरची तपासणी सरकारी निरीक्षक करतात; घरच्या टाकीची तपासणी आपली आपणच करायची आहे.

कॉम्प्रेसर मांडताना

१. जागा सपाट, कोरडी आणि वारा खेळता असावी. भुसा, पेंढा, डिझेलचा डबा जवळ नको. पट्ट्यावरची जाळी काढून यंत्र चालवू नये.

२. प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग चांगले हवे. ओल्या अंगणात वायर पसरू नये. वाड्या-वस्त्यांवर व्होल्टेज कमी असते, त्यात बारीक वायर लांबवर ओढली की मोटर तापते व जळते. त्यापेक्षा कॉम्प्रेसर मीटरजवळ ठेवावा आणि हवेची नळी लांब घ्यावी.

३. तेलाची पातळी पाहावी. टाकीला गंज, पोचा किंवा चीर दिसली तर ती टाकी वापरू नये. टाकीला वेल्डिंग करून काम भागवणे म्हणजे घरात सुरुंग ठेवणे होय.

४. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते का ते पाहावे. हा व्हॉल्व्ह बांधून किंवा बुच मारून बंद करू नये.

नळी आणि नेलगन जोडताना

नेलगनवर जास्तीत जास्त दाबाचा आकडा कोरलेला असतो. रेग्युलेटर त्याच्या वर कधीही नेऊ नये. नळी त्याहून जास्त दाब सोसणारी असावी. फवारणीची जुनी नळी तारेने आवळून लावू नये. जोड असा असावा की नळी काढताच नेलगनमधली हवा आपोआप निघून जाईल. हवा आत कोंडून राहिली तर नळी काढल्यावरही एक खिळा सुटू शकतो.

कॉम्प्रेसरऐवजी वेल्डिंगचे ऑक्सिजन सिलिंडर किंवा दुसरा कुठलाही गॅस जोडायचा नाही. त्याने नेलगनचा स्फोट होतो.

प्रथम खिळे न भरता हवा जोडावी. तोंड जमिनीकडे ठेवून, कशालाही न टेकवता घोडा ओढून पाहावा. नेलगन चालता कामा नये. मग घोड्यावर बोट न ठेवता तोंड लाकडावर दाबावे. तरीही चालता कामा नये. यातले काही चुकले तर ती दुरुस्तीलाच द्यावी. सगळे ठीक असेल तर नळी काढावी, खिळे भरावेत आणि पुन्हा जोडावी. त्याच जातीच्या लाकडाच्या तुकड्यावर कमी दाबाने सुरुवात करून, खिळ्याचे डोके पृष्ठभागाशी बरोबर बसेपर्यंत दाब थोडा थोडा वाढवावा.

घोडा कोणत्या प्रकारचा?

काही नेलगनमध्ये दर खिळ्याला आधी तोंड टेकवून मग घोडा ओढावा लागतो. दुसऱ्या प्रकारात घोडा दाबून धरला की तोंड टेकेल तिथे खिळा सुटतो. अमेरिकेतल्या दोन सरकारी संस्थांनी २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिला प्रकारच सुरक्षित म्हणून सुचवला आहे. दुसऱ्यात इजेचा धोका सुमारे दुप्पट दिसून आला. नवशिक्याच्या हाती पहिलाच द्यावा.

काम चालू असताना

डोळ्यांवर चष्मा, कानांना बोळे आणि पायांत बूट हवेतच. रीप धरणारा हात खिळ्यापासून किमान एक फूट दूर असावा. गाठीवर किंवा अगदी कडेला खिळा मारला की तो वळून बाजूने बाहेर येतो. शिडी चढताना घोड्यावर बोट ठेवू नये. नळी काढून चढावे हे उत्तम. खिळा अडकला तर आधी नळी काढायची, मगच तोंडात हात घालायचा. हवेने अंगावरचा भुसा झाडू नये. चेष्टेने कुणावर रोखणे तर सोडाच. सिमेंटच्या पत्र्यावर ही नेलगन वापरू नये, पत्रा फुटतो.

काम संपल्यावर

वीज बंद करून नळी काढावी, टाकीतली हवा सोडावी आणि तळाचा कॉक उघडून पाणी काढावे. घाटमाथ्याच्या दमट हवेत हे पाणी भरपूर साचते आणि टाकी आतून गंजते. हे काम रोजचे आहे, आठवड्याचे नव्हे.

इजा झाल्यास

हातापायात रुतलेला खिळा घरी उपसू नये, रक्त वाढते. भोवती स्वच्छ कापड बांधून, हात हलू न देता दवाखाना गाठावा व धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. घाटघरहून जुन्नर गाठायला वेळ लागतो, म्हणून वाहन कुणाचे मिळेल हे काम सुरू करण्याआधीच ठरवून ठेवावे.

उजळणी (घरातल्या मुलांना जरूर विचारा)

१. लांब वायरीऐवजी लांब नळी का?
२. नळी काढल्यावरही खिळा केव्हा सुटू शकतो?
३. टाकीतले पाणी रोज का काढायचे?

तिन्ही उत्तरे बरोबर आली तरच यंत्र हातात द्यावे. छप्पर दोन दिवस उशिरा झाले तर ताडपत्रीने भागते. गेलेले बोट किंवा डोळा परत येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.