आजाऱ्याची सेवा आणि सेवेकऱ्याची काळजी

उपासक-उपासिकांनो,

धम्मदीक्षा घेतल्यावर आपण देव्हारे रिकामे केले, नवस-सायास सोडले, अंगारा-धुपारा बंद केला. विहारात जाऊन त्रिसरण-पंचशील घेऊ लागलो. हे सर्व योग्यच झाले. पण घरातले एखादे माणूस अंथरुणाला खिळते, महिने उलटतात, वर्ष उलटते, पैसा संपत येतो आणि घरच्यांची झोप उडते, तेव्हा आपल्या धम्माची खरी कसोटी लागते. त्या वेळी त्या घरात धम्म कोठे दिसला पाहिजे? आजचा पाठ याच प्रश्नाचा आहे.

भगवंतांनी घालून दिलेला धडा

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही तो घेतला आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या निवासांतून फिरत असता त्याच्यापाशी आले. तुझी सेवा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. भिक्खूने सांगितले की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे पाहत नाहीत.

भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग भगवंतांनी त्याला डोक्याकडून धरले, आनंदाने पायांकडून, आणि दोघांनी त्याला खाटेवर निजवले. त्यानंतर संघाला बोलावून त्यांनी समजावले की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

या प्रसंगातील तीन गोष्टी नीट ध्यानात घ्या. एक, मलमूत्र धुण्याचे काम शास्त्याने स्वतःच्या हातांनी केले. दोन, ते एकट्याने केले नाही. एकाने डोके धरले, दुसऱ्याने पाय धरले. तीन, तेवढ्यावर न थांबता त्यांनी नियम घालून दिला. आजाऱ्याची सेवा उपाध्यायाने करावी, आचार्याने करावी, शिष्याने करावी, सोबत राहणाऱ्याने करावी, आणि यांपैकी कोणीच नसेल तर ती साऱ्या संघाची जबाबदारी आहे. सेवा कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही.

सेवा एकाच्याच माथी का?

आता आपल्या घराकडे पाहू. सासऱ्याला अर्धांगवायू झाला, सासूला कर्करोग झाला, तर सेवा कोण करते? बहुतेक घरांत सून करते, नाही तर लेक करते, नाही तर बायको करते. पुरुष डॉक्टरशी बोलतात, पैशांची तजवीज करतात आणि त्यांना वाटते की आपला वाटा संपला. पाहुणे येतात, चहा घेतात, दहा सल्ले देतात आणि निघून जातात. भांडे उचलणारी, चादरी धुणारी, रात्री चार वेळा उठणारी बाई एकटीच राहते.

बंधूंनो, इतरांची घाण काढण्याचे काम जन्मावरून आपल्या पूर्वजांवर लादले गेले होते. ती व्यवस्था आपण नाकारली. मग घरातल्या घरात तेच काम ती बाई आहे, ती सून आहे, म्हणून एकीवरच लादणे याला काय म्हणावे? घराबाहेर समता मागायची आणि घरात एकाच माणसाला राबवायचे, हे धम्माला धरून नाही. आजाऱ्याचे अंग पुसल्याने पुरुषाचा कमीपणा होत नाही. ज्या कामाला तथागतांनी हात लावला ते काम हलके कसे असेल?

म्हणून घरात दुखणे लांबणार असे दिसताच सर्वांनी एकत्र बसा आणि कामाची वाटणी कागदावर लिहा. रात्री कोणी जागायचे, औषधे कोणी आणायची, कपडे कोणी धुवायचे, दवाखान्यात कोणी जायचे, हे ठरवा. दूर राहणाऱ्या भावाने पैसे पाठवावेत आणि वर्षातून काही दिवस येऊन स्वतः बसावे. सेवा करणाऱ्या व्यक्तीला आठवड्यात निदान अर्धा दिवस पूर्ण मोकळा मिळालाच पाहिजे.

सेवेकऱ्याचे पाच गुण, आजाऱ्याचेही पाच

महावग्गात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. तो औषध नीट देऊ शकतो. पथ्य-कुपथ्य जाणतो, पथ्याचे आणतो आणि कुपथ्याचे दूर ठेवतो. तो लोभाने नव्हे, मैत्रीभावनेने सेवा करतो. त्याला मल, मूत्र, थुंकी, वांती यांची किळस येत नाही. आणि तो वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवतो.

पण तेथेच आजाऱ्याचीही जबाबदारी सांगितली आहे, हे आपण विसरतो. जो पथ्य पाळत नाही, पथ्याच्या गोष्टीतही प्रमाण ओळखत नाही, औषध घेत नाही, आपल्या दुखण्याची खरी स्थिती सेवेकऱ्याला सांगत नाही आणि वेदना सहन करीत नाही, त्याची सेवा करणे कठीण असते. तुम्ही आजारी असाल तर एवढे जरूर करा. काय दुखते ते खरे सांगा, औषध टाळू नका आणि सेवा करणाऱ्यावर राग काढू नका.

कर्माचा खोटा हिशेब नको

कोणी म्हणते, हे मागच्या जन्माचे पाप आहे. कोणी म्हणते, सुनेचा पायगुण वाईट. असे बोलणे धम्माचे नव्हे. संयुक्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाला भगवंतांनी सांगितले आहे की, वेदना पित्तामुळे, कफामुळे, वातामुळे, ऋतुबदलामुळे, निष्काळजीपणामुळे, इजेमुळे अशा अनेक कारणांनी होतात. सर्व काही पूर्वकर्मामुळेच होते, हे मत त्यांनी चुकीचे ठरवले.

विदर्भातील आपल्या समाजात आढळणारा सिकलसेल आजार घ्या. तो आई आणि बाप या दोघांकडून आलेल्या दोषामुळे मुलाला होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. मग दोष एकट्या आईला का देता? लग्नापूर्वी रक्ततपासणी करा. भगताकडे घालवलेला दिवस आजाऱ्याच्या औषधाचा दिवस खातो, आणि भगताला दिलेला पैसा सेवेकऱ्याच्या तोंडचा घास खातो.

सेवेकऱ्याचे शरीर

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला असता सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांना उचलून दवाखान्यात नेले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळी प्लेगवर औषध नव्हते. आज अनेक रोगांपासून सेवेकऱ्याला वाचवता येते, म्हणून वाचवले पाहिजे. घरात क्षयरोगी असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना त्याने तोंडावर कापड धरावे आणि घरातील सर्वांची तपासणी करून घ्या. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. त्याला उचलताना कंबरेतून वाकू नका. गुडघ्यात वाका आणि शक्य तेव्हा दोघांनी मिळून चादरीने सरकवा. जेवण भरवताना त्याला बसते करा आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच ठेवा. आणि सेवा करणाऱ्या बाईनेही वेळेवर जेवावे. सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणे म्हणजे त्याग नव्हे. तीच आजारी पडली तर दोघांची सेवा कोण करील?

सेवेकऱ्याचे मन

फार दिवस जागरण झाले की मनात वाईट विचार येतात. चीड येते. हा आता सुटला तर बरे, असेही क्षणभर वाटते, आणि मग तो माणूस स्वतःलाच पापी समजू लागतो. भगिनींनो, मनात येऊन गेलेला विचार म्हणजे कृती नव्हे. तो थकलेल्या शरीराचा आवाज आहे. तो ओळखा, जाऊ द्या आणि कोणाशी तरी बोला. पण हात उगारावासा वाटू लागला, रडे थांबेना, जगणे नकोसे वाटले, तर ते लपवू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मदत मागणे ही दुर्बलता नव्हे.

नकुलमातेची गोष्ट येथे उपयोगी आहे. भग्ग देशात नकुलपिता फार आजारी पडला. घराचे कसे होईल या चिंतेने त्याचे मन पोळत होते. नकुलमातेने त्याच्या उशाशी बसून सांगितले की, चिंता घेऊन मरू नका. मी सूत कातीन, लोकर पिंजीन, मुलांना वाढवीन आणि माझे शील व श्रद्धा ढळू देणार नाही. त्याची चिंता गेली आणि तो बरा झाला. पुढे काठी टेकीत तो भगवंतांकडे गेला, तेव्हा अशी हितचिंतक पत्नी लाभली हे तुझे भाग्य आहे, असे भगवंतांनी त्याला सांगितले.

आजाऱ्यापुढे खोटे हसण्यापेक्षा पैसा, मुले, घर यांविषयी मोकळे बोलणे दोघांनाही हलके करते. आणि सेवेचे ऋण बोलून दाखवावे. बाबासाहेबांना मधुमेहाने आणि इतर व्याधींनी ग्रासले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नी सविताबाई आणि डॉ. माळवणकर यांचे ऋण मानले. १९५७ साली ग्रंथ छापला गेला तेव्हा ती प्रस्तावना त्यात आली नाही, पण त्यांनी लिहिले ते लिहिलेच. ज्यांच्या ऋणात सारा समाज होता, त्यांनी आपल्या सेवेकऱ्यांचे ऋण मानले. मग आपल्याला दोन शब्द जड का व्हावेत?

विहाराने काय करावे?

संघाने आजाऱ्याची जबाबदारी घ्यावी हा नियम उपासकांनीही उचलावा. दर रविवारी वंदना झाल्यावर वस्तीत कोणाच्या घरी दुखणे आहे ते विचारा. भेटायला जाताना सल्ला नेऊ नका, डबा न्या. दोन तास आजाऱ्यापाशी बसा आणि त्या घरच्या बाईला झोपू द्या. मुलांचा अभ्यास घ्या, रेशन आणून द्या. महिन्याला थोडी वर्गणी काढून निधी ठेवा आणि त्याचा हिशेब सर्वांना वाचून दाखवा.

वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी कागदपत्रांचे काम अंगावर घ्यावे. महाराष्ट्रात धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतो, त्याला भेटा. कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला जावे लागले तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत रोगी व नातेवाईक यांची सोय होते.

आजार बरा होणारच नसेल तर? अंगुत्तर निकायात तीन प्रकारचे रोगी सांगितले आहेत. एक औषधाशिवायही बरा होतो, एक औषधानेही बरा होत नाही, आणि एक औषध मिळाले तरच बरा होतो. या तिसऱ्यासाठी औषधोपचार सांगितले आहेत, पण त्याच्यामुळे बाकी दोघांचीही सेवा करावी, असे तेथे म्हटले आहे. तेव्हा बरा न होणाऱ्यालाही टाकायचे नाही. त्याच्या वेदना कमी करणे आणि त्याला स्वच्छ ठेवणे, हीच त्याची सेवा. एवढे करूनही तो गेला, तर सेवा करणाऱ्याने स्वतःला दोष देऊ नये आणि इतरांनीही त्याला दोष देऊ नये.

मननासाठी प्रश्न

१. भगवंतांनी आजारी भिक्खूला एकट्याने का उचलले नाही?
२. आपल्या घरात सेवेची वाटणी कशी आहे? ती समतेची आहे काय?
३. आपल्या वस्तीत आज कोण सेवा करीत एकटे जागत आहे? येत्या रविवारपूर्वी तुम्ही त्यांच्याकडे केव्हा जाणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहू नका, करून दाखवा.

सर्वांचे मंगल होवो.