जे सहज उतरतं, तिकडे लक्ष द्या

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन महिने झालेला रुग्ण तपासणीला आला की तक्रार साधारण ठरलेली असते. भाकरी अडकते, भात छातीत बसतो, चिकनचा तुकडा परत येतो. आणि मग लगेच, "पण डॉक्टर, चहाबरोबर खारी जाते. आइस्क्रीम जातं. त्याचा काही त्रास नाही." सोबत आलेल्या घरच्यांना तेवढंच समाधान असतं, निदान काहीतरी पोटात जातंय. डॉक्टरांना मात्र काळजी वाटते ती या खारीची आणि आइस्क्रीमची. अडकणाऱ्या भाकरीवर उपाय सापडतो. विनासायास उतरणाऱ्या गोडाधोडाची सवय एकदा जडली की ती सोडवणं फार कठीण जातं.

हे असं का होतं ते समजून घ्यायला पोटात काय बदललं ते पाहावं लागतं. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी. सुरुवातीला तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे लहान वाटीभर अन्न मावतं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. 'बायपास'ची सुरुवात १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी केली. त्यात जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. पूर्वी जठर सैलावायचं, अन्न घुसळायचं, घाईघाईत गिळलेल्या घासाचाही लगदा करून पुढे पाठवायचं. ती सोय आता फारशी उरलेली नसते. घासाचा लगदा तोंडातच व्हायला हवा.

भाताची शितं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. ताजी, मऊसूत पोळी चावली तरी तिचा कणकेसारखा लगदा होतो. मटणाचे धागे दातांना दाद देत नाहीत. हे सगळं अरुंद जागेत अडतं. छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि शेवटी घास वर येतो. खारी चहात विरघळते, आइस्क्रीमचं पाणी होतं, वेफर्सचा भुगा होतो. त्यांना अडवणारं काहीच नसतं, त्यामुळे पोट भरल्याची जाणीवही होत नाही आणि दिवसभर थोडं थोडं खाणं चालू राहतं. दीड-दोन वर्षांनंतर उतरलेलं वजन पुन्हा चढू लागलेल्या अनेकांच्या खाण्याची नोंद तपासली, की जेवणं छोटीच दिसतात. जेवणांच्या मधल्या वेळा मात्र भरलेल्या असतात.

कोणाला काय पचतं हे मोजण्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या सर्जन मंडळींनी २००७ साली एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्णाला आठ पदार्थांबद्दल विचारायचं: तांबडं मांस, पांढरं मांस, सॅलड, भाज्या, ब्रेड, भात, पास्ता आणि मासे. त्याच्या जोडीला उलटी किती वेळा होते आणि एकूण खाण्याबद्दल समाधान किती, हेही. जगभरातल्या संशोधनात ती वापरली जाते आणि उपयुक्तच आहे. पण तिच्यात पोळी नाही, भाकरी नाही, उसळ नाही, आमटी नाही. मराठी घरात शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने आपली यादी आपणच करावी हे बरं. एक साधी वही घ्यावी. पदार्थ, किती खाल्ला, किती वेळात खाल्ला आणि पुढे काय झालं, एवढंच लिहावं. डाएटिशियनला या वहीतून जे कळतं ते कुठल्याच रक्ततपासणीत दिसत नाही.

पहिले दीड-दोन महिने रुग्णालयाने दिलेलं वेळापत्रक काटेकोर पाळायचं असतं. ते प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं असतं आणि आपल्या सर्जनचा शब्द त्यात अखेरचा. साधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ: मुगाच्या कढणाचं वरचं पाणी, गाळलेलं सूप, पातळ ताक, प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं वरण, घोटलेलं दही. पाचव्या आठवड्याच्या आसपास मऊ उकडलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर, मुगाचं धिरडं, पिठलं, काटे काढलेला मासा. रोजचं जेवण सहा ते आठ आठवड्यांनी. आतले टाके आणि स्टेपल लावलेल्या जागा भरून यायला हा वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात "आता बरं वाटतंय" म्हणून वडापाव खाऊन पाहणाऱ्याला त्या जखमेची जाणीव होत नाही, म्हणूनच धोका आहे.

त्यानंतरच्या काळात 'काय खाऊ' हा प्रश्न रुग्ण सर्वांत जास्त विचारतात. प्रत्यक्षात फरक पडतो तो वेगाने आणि क्रमाने. घास बोटाच्या पेराएवढा असावा, पूर्ण मऊ होईपर्यंत चावावा, आणि वाटीभर जेवणाला वीस ते तीस मिनिटं द्यावीत. ताटातलं प्रथिन आधी संपवावं. उसळ, पनीर, अंडं, मासा यांतलं जे असेल ते, मग भाजी, आणि जागा उरली तरच भाकरी किंवा भात. आपल्याकडे पानाशेजारी पाण्याचा तांब्या-भांडं असतंच. ते काही काळ ताटापासून दूर ठेवावं. जेवताना पाणी प्यायलं की एकतर पोट पाण्यानेच भरतं किंवा अन्न घाईने पुढे ढकललं जातं. जेवणानंतर अर्धा तास थांबावं आणि मग दिवसभर घोट घोट करून दीड ते दोन लिटर पूर्ण करावं. 'भरलं' असं वाटण्याच्या एक घास आधी थांबायचं असतं. तो घास ओळखायला काही आठवडे जातात. काहींना आधी उचकी येते, काहींचं नाक वाहू लागतं, काहींना डाव्या खांद्यात किंचित दुखतं. आपली खूण प्रत्येकाने शोधून ठेवावी.

पदार्थ तोच, पण रूप बदललं की तो सोसतो, असं पुष्कळदा घडतं. ताजी पोळी अडकत असेल तर पातळ फुलका कडक भाजून पाहावा, तो तोंडात विरतो. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून जाते. मोकळ्या भाताऐवजी गुरगुट्या भात पातळ वरणात कालवला तर बहुतेकांना चालतो, पण तो तीन-चार चमचेच. मटणाऐवजी खिमा, सुक्या चिकनऐवजी रश्शातलं, कोळंबीऐवजी कालवणातले ओले बोंबील. नव्या पदार्थाची चाचणी घरी, सवडीने, एका वेळी एकाच पदार्थाची करावी. लग्नाच्या पंगतीत नको. नाही सोसला तर त्याच्यावर कायमची काट मारू नये, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावा. स्लीव्ह आणि बायपासनंतर पहिल्या वर्षात सहनशक्ती बहुतेकांची सुधारत जाते. दुधाने पोट फुगत असेल, जुलाब होत असतील तर दुधातली साखर पचत नसण्याची शक्यता असते, बायपासनंतर हे जास्त दिसतं. अशा वेळी दही-ताक सहसा चालतं. नागपुरी संत्री खाताना फोडीवरची साल काढून फक्त गर घ्यावा, कारण ती साल आणि शेवग्याच्या शेंगेचे धागे यांचा गुंता आत अडकून बसू शकतो.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य शाकाहारी घरात ऐकायला अशक्य वाटतं. हिशोब मांडला की आवाक्यात येतं. दोन अंडी १२ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९, दीडशे ग्रॅम दही ५, मूठभर डाळीचं घट्ट वरण ७ आणि पावडरचा एक डाव सुमारे २४. साठच्या जवळ पोचलो. अंडं न खाणाऱ्यांनी पनीर, टोफू किंवा सोयाबीन वाढवावं. वरणाच्या वरच्या पाण्यात मात्र प्रथिन फारसं नसतं, हे आयांना आणि सासूबाईंना आवर्जून सांगायला हवं. पहिल्या दोन आठवड्यांनंतरही त्या पाण्यावरच रुग्णाला ठेवलेली घरं कमी नाहीत. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात तेव्हा सगळे घाबरतात. झपाट्याने उतरलेलं वजन हे त्याचं मोठं कारण असतं आणि बहुतेकांचे केस परत येतात, पण प्रथिनं आणि लोह कमी पडत असेल तर गळती लांबते.

आता गोड. आमरसाची वाटी किंवा उसाचा रस थेट आतड्यात उतरला की दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ येते, धडधडतं, घाम फुटतो, जुलाब होतात. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. साखर वेगाने चढल्यामुळे इन्सुलिन जास्त सुटतं आणि मग रक्तातली साखर एकदम खाली जाते. हात थरथरतात, डोळ्यांसमोर अंधारी येते. बायपासमध्ये हे अधिक, पण स्लीव्हमध्येही होतं. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्याच मात्रेत चालू असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून ती मात्रा डॉक्टरांकडून वेळोवेळी कमी करून घ्यावी.

उपासाचं वेगळं सांगायला हवं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे. त्यात प्रथिन नावालाच, आणि खिचडी चिकट, म्हणजे अडकण्याची भीती आणि उशिरा येणाऱ्या डम्पिंगचीही. चतुर्थी-एकादशी मोडायची नसेल तर ताक, दही, पनीर आणि राजगिऱ्याची पातळ लापशी यांवर ती निभावता येते. निर्जळी उपास मात्र करू नये. पाणी एका बैठकीत भरून काढणं आता या पोटाला जमत नाही.

उलटीबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण इथे झालेला उशीर आयुष्यभर भोगावा लागू शकतो. घाईत खाल्लं आणि एखाद्या वेळी घास परत आला, हे समजण्यासारखं आहे. पण "ऑपरेशननंतर उलट्या होतातच" असं म्हणून रोजच्या उलट्या सोसत राहणं घातक आहे. बायपासमध्ये जोडाची जागा आकसलेली असू शकते. हे घडलं तर बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडतं आणि दुर्बिणीतून फुगा घालून ती रुंद करता येते. स्लीव्हची नळी कुठेतरी अरुंद झालेली किंवा पिळलेली असू शकते. त्याहून तातडीचा प्रश्न थायमिनचा, म्हणजे जीवनसत्त्व बी१चा. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. सतत उलट्या आणि नगण्य खाणं यांत तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो: एकाच्या दोन गोष्टी दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. अशा रुग्णाला घरचे जवळच्या दवाखान्यात नेतात आणि "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" म्हणतात. थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं तर ही अवस्था आणखी बिघडू शकते. म्हणून कोणत्याही दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य हे असावं: "यांची वजन कमी करण्याची सर्जरी झाली आहे, उलट्या चालू आहेत, ग्लुकोजआधी थायमिन द्या." सर्जरीच्या कागदाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा. दिवसभर पाणीही टिकत नसेल, पोटात असह्य कळ येत असेल, ताप असेल किंवा शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, तर सकाळपर्यंत थांबू नये.

दोन गोष्टी ताटातल्या नाहीत, पण याच पोटाशी संबंधित आहेत. सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या इबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या बायपासच्या जोडावर व्रण पाडू शकतात, तंबाखू आणि सिगारेटही. मद्य पूर्वीपेक्षा फार लवकर आणि जास्त चढतं. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत बायपासनंतर दुसऱ्या वर्षी मद्याच्या व्यसनाचं प्रमाण वाढलेलं दिसलं, ते २०१२ साली प्रसिद्ध झालं आहे. पूर्वी जेवणात सापडणारा आधार ग्लासात शोधला जातोय असं वाटलं, तर ते डॉक्टरांना सांगण्यात लाज बाळगू नये.

राहिल्या जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या गोळ्या, त्या जन्मभराच्या. बी१२ शोषायला जठरातून येणारा घटक लागतो, लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि तोच भाग बायपासमध्ये वगळलेला असतो. बी१२चा यकृतातला साठा पुष्कळ असल्याने कमतरता दोन-तीन वर्षांनी उघडी पडते, तोवर रुग्ण तपासणीला यायचाच बंद झालेला असतो. त्यात आपली सुरुवातच मागून आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी१२ कमी आढळलं होतं, आणि त्यांच्यावर कसलीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६००च्या वर नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर, आणि लोह चहाबरोबर कधीच नाही. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दरवर्षी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासून घ्यावं. मूल हवं असलेल्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने थांबावं आणि गर्भ राहण्याआधी हीच तपासणी पुन्हा करून घ्यावी.