जमिनीचे कागद आणि फोनवरच्या मुक्या लिंका

कोकणातल्या सात-बाऱ्यावरची नावं मोजायला बसलं की चहा गार होतो. आमच्या आचऱ्याच्या सामाईक जमिनीचंही तेच. काही सहहिस्सेदार मुंबईत, काही बडोद्याला, काही कुठे आहेत ते देवाला ठाऊक. म्हणून डोंबिवलीच्या चुलतभावाने सगळे कागद जमवले तेव्हा घरात त्याचं कौतुकच झालं. वर्डमध्ये एक अनुक्रमणिका, प्रत्येक गट नंबरावर लिंक. ती दाबली की त्या गटाच्या सात-बाऱ्याची पीडीएफ उघडणार, शेजारची दाबली की फेरफार, खालची दाबली की वंशावळ. लॅपटॉपवर सगळं चोख. चवथीला मंडळी पडवीत जमली, फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या आणि काकांनी गट नंबरावर बोट ठेवलं. मग पुन्हा ठेवलं. "कितीय दाबलंय तरी उघडना नाय मरे," म्हणत फोन माझ्याकडे सरकवला. गावात कायम राहणारा मी, त्यामुळे घरातल्या फोनांची दुखणी माझ्याच वाट्याला येतात.

सगळ्यांचा पहिला संशय ॲपवर. हे काढा, ते घाला, पैसे भरून घ्या, असं दुपारभर चाललं. त्यात वेळ घालवू नका. दोष ॲपचा नसतो.

वर्डची डॉक्स फाईल ही मुळात एक झिप फाईल असते. लॅपटॉपवर तिची प्रत काढून तिच्या नावाची शेपटी डॉक्सऐवजी झिप केली की ती उघडून आत बघता येते. आत लिंकांची वेगळी यादी असते. भावाच्या यादीत काही ठिकाणी त्याच्या लॅपटॉपचा सबंध पत्ताच होता: सी ड्राइव्ह, युजर्स, त्याचं नाव, डेस्कटॉप, जमीन. हा डेस्कटॉप काकांच्या फोनात कुठून यायचा? काही ठिकाणी नुसतं फाईलचं नाव होतं, म्हणजे "माझ्याच फोल्डरातली शेजारची फाईल". ही रीत बरी, फोल्डर हलवलं तरी लॅपटॉपवर चालते. पण फोनवर तीही अडते, कारण तिथे ॲपला शेजार दिसतच नाही. फोनमधलं ॲप म्हणजे पडवीत बसवलेला पाहुणा: तुम्ही हातात द्याल तो कागद वाचेल, माजघरात शिरून दुसरा आणणार नाही. ॲन्ड्रॉइडने २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून एका ॲपने दुसऱ्याला फाईलचा थेट पत्ता देणं बंद केलं आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून ॲपांचा सामाईक साठ्यातला वावरही आवळत आणला. आयफोनमध्ये तर प्रत्येक ॲपचं कुंपण पहिल्यापासून वेगळं. कुणीही ॲप तुमचे फोटो-कागद चाळू नये म्हणून केलेली ही सोय आहे आणि मला ती पटते. त्यात व्हॉट्सअ‍ॅप आलेली फाईल स्वतःच्या फोल्डरात ठेवतं, तेव्हा मूळ मांडणी तशीही मोडलेलीच असते.

मग करायचं काय? फाईलीतून फाईलीत जाण्याचा हट्ट सोडायचा आणि सगळं एकाच फाईलीत आणायचं. एकाच फाईलीच्या पोटातल्या लिंका फोनवर चालतात, कारण ॲपला बाहेर जावंच लागत नाही. आम्ही प्रत्येक गटाला वर्डमध्ये 'हेडिंग' दिलं, त्याखाली कागदांची चित्रं घातली, आपोआप बनणारी अनुक्रमणिका टाकली आणि लॅपटॉपवरच त्याची पीडीएफ केली. वर्डमधून 'सेव्ह ॲज' करून पीडीएफ करा, प्रिंटच्या वाटेने केलीत तर लिंका गळून जाण्याची शक्यता असते. शिवाय चित्रं हलकी ठेवा, नाहीतर फाईल एवढी फुगते की साध्या फोनवर पान उलटेपर्यंत माणूस कंटाळतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून घेतलेल्या सात-बाऱ्यावर डिजिटल सही असते. चित्र करून दुसरीकडे चिकटवलं की ती सही गेली, उरला फक्त देखावा. घरच्या चर्चेला तो पुरतो, बँकेत किंवा व्यवहारात नाही. मूळ पीडीएफ हात न लावता वेगळी ठेवायची आणि तिच्या नावातच गट नंबर व तारीख घालायची. लिंक नसली तरी फोनच्या शोधात नंबर टाकला की ती सापडते.

गूगल ड्राइव्हवर टाकून तिथल्या लिंका द्या, असं भाचा म्हणाला. त्यात चूक काही नाही. तिथे प्रत्येक फाईलला इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता असतो, म्हणून लिंक चालतेही. पण नेट हवं, शिवाय परवानगी नीट द्यायला हवी. 'लिंक असलेला कोणीही' ठेवलंत तर वंशावळ गावभर. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या मालवण तालुक्यात वीज गेली, पाठोपाठ फोनही मुके झाले, तेव्हापासून जो कागद फोनवर उतरवलेला नाही तो माझ्या हिशेबी नाहीच. ड्राइव्ह दुसरी प्रत म्हणून ठेवा.

एकत्र केलेली पीडीएफ नवा फेरफार झाला की शिळी होते. वर्डची मूळ फाईल एकाच माणसाकडे राहू दे आणि पीडीएफच्या पहिल्या पानावर तारीख ठळक टाका. कुटुंबाच्या ग्रुपवर नवी प्रत पाठवताना जुनी काढून टाकायला सांगा, नाहीतर पुढच्या चवथीला दोघांच्या फोनवर दोन वेगळ्या वंशावळी निघतील आणि भांडण लिंकेवरून होणार नाही.